मागल्या पडवीचा बल्ब

ग्रामदेव रवळनाथाने कौल दिला आणि गाव उठायचं, गावपळण करायची ठरली. तीन राती माणूस, गुरं, कोंबडी, कुत्रं, कोणीही शिवेच्या आत राहायचं नाही. दारं लोटायची, शिवेवरचा व्हाळ म्हणजे ओढा ओलांडायचा आणि पलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या खोपी घालून राहायचं. त्या तीन राती गाव देवाचा. देव आपल्या लवाजम्यासकट घरोघर फिरतो, असं सगळे मानतात.

कौलाची बातमी कळली त्याच दुपारी सारिका हातातलं काम टाकून हरिश्चंद्राच्या घरापुढच्या खळ्यात आली. हरिश्चंद्र गावचा मानकरी. गावातर्फे देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. एस.टी.त कंडक्टर होता, आता घरीच असतो. पण माणसं मोजायची सवय गेलेली नाही. चार माणसं जमली की त्याचं बोट आपसूक हलतं.

बाकड्यावर पुरुष बसले होते, म्हणून सारिका पायरीजवळ उभी राहिली.

"बस गो. उबी कित्याक?" हरिश्चंद्र म्हणाला.

"बसनय नाय, हरिकाकानू. वायच काम होता. थंय कीर्तनाक जनरेटर येतलो मा? तेच्यारसून एक वायर आमच्या खोपीत दिलास तर... दाजींचा मशीन आसा."

दाजी म्हणजे तिचा सासरा. अर्धं आयुष्य चिऱ्याच्या खाणीत दगड कापण्यात गेलं, आणि खाणीची लाल धूळ छातीत बसून राहिली. आता नाकात नळी आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन. ते विजेवर चालतं. वीज गेली की थोड्या वेळात दाजींचे ओठ जांभळे पडायला लागतात. डॉक्टरकडे न्यायला एक छोटा सिलिंडर आहे, पण त्याचा काटा बघता बघता खाली येतो.

"एका खोपीत वायर गेली की सगळे मोबाइल घेवन रांगेत उबे रवतले," बाकड्यावरून लवू म्हणाला. लवू त्यांचा शेजारी. त्याच्या तोंडाला कुलूप नाही. "माजी बायल तर मिक्सर घेवन येयत."

सगळे हसले. सारिकाही थोडी हसली, कारण न हसून भागलं नसतं.

"तसा न्हय गो," हरिश्चंद्र मायेनेच म्हणाला. "शिवेभायर गेलो की सगळे सारखे. थंय मोठ्याची खोप न्हय, ल्हानाची खोप न्हय. एकाक लाईट आणि बाकीच्यांका काळोख, ह्या देवाक चलाचा नाय. आणि मशीन लावला की माइकात घरघर येता. वेंगुर्ल्यासून गुरुप्रसादबुवा येतले, तेंका काय सांगाचा?"

"मगे दाजीनी काय करूचा?"

"पूर्वी म्हाताऱ्याकोताऱ्यांका पाटीर घेवन व्हाळ पार करीत. गावान कोणाक कदी मागे ठेवक नाय. आपली रीतच ती. तुजो भाव आसा मा कसालाक? तीन राती थंय पोचव. पण घरात ठेवू नको हां. मागच्या खेपेक कोण तरी टीव्ही बगीत मागे रवलो. त्या वर्साक किती गुरां मेली, ता तुका म्हायत आसा."

"आमी खंय म्हणतंव घरात ठेवतंव?"

"तू म्हणणस नाय. पण सांगलेला बरा."

परत जाताना तिला वाटलं, आपण वायर मागायला गेलो होतो आणि जामीन राहून आलो.

सारिकाचा भाऊ दीपेश कसालला, बाजाराच्या मागे राहतो. त्याने "घेवन या, ताई, इचारतंस काय?" म्हटलं. त्याला सकाळी दुकान उघडायचं होतं, म्हणून सारिकाच्या नवऱ्याने, शिवाने, पहाट व्हायच्या आधीच टेम्पो काढला. पुढच्या खळ्यात सरपण रचलेलं, तेव्हा टेम्पो मागून घेतला. मागल्या पडवीतला बल्ब लावून दोघांनी दाजींना खुर्चीसकट उचललं. शिवा घामाने भिजला. चिरे चढवणारा माणूस तो, पण बापाचं हलकं झालेलं अंग उचलताना त्याला जास्त धाप लागली.

"माजा कीर्तान चुकला," दाजी म्हणाले. एक शब्द, मग श्वास, मग पुढचा शब्द. तरुणपणी ते भजनात पखवाज वाजवायचे. आता बोटं तेवढी मांडीवर चालायची.

"मोबाइलार ऐकवीन, दाजीनू," सारिका म्हणाली.

"मोबाइलात... देव नाय गो मावणा."

टेम्पो गेला. उठायची गडबड अजून वाडीत सुरू व्हायची होती. दाजींना जाताना कोणीच बघितलं नाही.

उजाडल्यावर मात्र गावाला कंठ फुटला. टोपल्यांखाली कोंबड्या, दोरीला बकऱ्या, डोक्यावर टोप, पाठीवर सतरंज्या. लवूने मांजर पोत्यात घातलं होतं आणि पोतं त्याला शिव्या देत होतं. व्हाळावरच्या साकवावर हरिश्चंद्र उभा राहून एकेका घराची माणसं बोटाने मोजत होता. सारिका दोन कोंबड्या आणि तांदळाचं गाठोडं घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "एकटी?"

"हे दाजींका घेवन कसालाक गेले. दुपारपर्यंत येतले."

"कदी गेले?"

"पाटेक."

"हां," तो म्हणाला, आणि त्याचं बोट पुढच्या घराकडे वळलं.

दार लोटताना तिने मागल्या पडवीत डोकावलं नव्हतं. डोकावलं असतं तरी काय, लख्ख उन्हात पेटलेला बल्ब चटकन डोळ्यांत येत नाही.

माळावर दिवसभर झापं बांधायचं काम चाललं. काथ्याने हात सोलवटले. शिवा दुपारी आला आणि सरळ खोपीच्या मेढी पुरायला लागला. शेजारच्या म्हातारीची खोप कोणीच घालत नव्हतं, तीही त्याने घातली. एका चुलीवर भात, दुसऱ्या चुलीवर सुक्या बांगड्याचं तिखलं, कोणाचंही ताट कोणाच्याही पुढे. लवूची बायको सुशीला हाक मारून मारून सगळ्यांना सोलकढी वाढत होती. असे दिवस गावात असताना येत नाहीत, हे खरंच.

तिन्हीसांजा झाल्या. जनरेटर घरघरला, माइक चिरकला, पेटीने सूर धरला. गुरुप्रसादबुवा वयाने तरुण, पण गळा पिकलेला. फेटा सावरत ते म्हणाले, "मंडळी, गाव रिकामा झाला. आता देव एकटाच फिरतोय. पहिल्या दारात गेला, हाक मारली. कोणी नाही. दुसऱ्या दारात गेला. कोणी नाही. देव उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, अरे, मी ह्यांना बाहेर कशाला धाडलं? घरात असताना प्रत्येकाला आपापली भिंत. बाहेर गेल्यावर तरी अंगाला अंग लागेल. ज्याची कांबळी तोकडी त्याला दुसरा आपली देईल. आणि तेवढ्यात जमलं तर मलाही ह्यांच्यात जागा होईल!"

झांज वाजली. "दार लोटून गाव गेला, देव पाहुणा कुणाचा झाला?" बुवा गायले आणि सगळ्या माळाने ते झेललं. पलीकडच्या काळोखात खरंच कोणी उंबऱ्यावर बसलंय असं वाटून सारिकाच्या अंगावर काटा आला. हरिश्चंद्र उपरण्याने डोळे पुसत होता. लवू तर उघड रडत होता.

आरती झाली, जनरेटर बंद झाला. डोळे काळोखाला सरावले आणि सुशीला ओरडली, "गो बाय माजे! ता काय?"

व्हाळापलीकडे सगळा गाव काळा होता. माड, घरं, देऊळ, काहीच दिसत नव्हतं. त्यात एकच बल्ब पिवळा पेटलेला.

"तो आमचो," सारिका लगेच म्हणाली. "मागल्या पडवीचो. पाटे दाजींका काडताना लावललो, बंद करूक इसारलाव."

"इसारलास?" लवूच्या गालावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. "की कोणाक तरी काळोखात दिसाचा नाय, म्हणान ठेवलास?"

"लवूदादा, दाजी कसालाक आसत," शिवा म्हणाला. "मी स्वता पोचवन इलंय."

"आमी खंय नाय म्हणतंव? पण जाताना बगल्यान कोणी?"

शिवा चपला शोधायला लागला.

"धावत जावन बंद करून येव?"

"शिवेच्या आत?" एकदम दहा आवाज उठले. "वेडो झालंस काय रे?"

मग बल्ब तसाच पेटत राहिला. लोक खोपीत आडवे झाले. बहुतेकांनी तोंडं गावाकडे करून झोप घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाने व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल सगळ्यांपुढे धरला. दाजी दिसले. नाकात नळी, मागे निळी भिंत. त्यांनी हात वर केला. "कीर्तान... कसा झाला?"

"बरा झाला, दाजीनू!" दोघंतिघं आनंदाने ओरडली. सारिकाच्या छातीवरचा चिरा उतरला.

तेवढ्यात सुशीला हळूच म्हणाली, "तुमच्या माजघराकय निळोच रंग मा गो?"

सगळे पुन्हा वाकून भिंत बघायला लागले.

"दीपेश, वायच भायर जा रे," शिवा मोबाइलात ओरडला. "रस्तो दाखव. बाजार दाखव." चित्र हललं, दाराची चौकट दिसली, आणि फोन तुटला. माळावर रेंज तशीच. पुन्हा लावला, लागला नाही.

"बरोबर थंयच तुटलो," लवू म्हणाला.

"चला मगे!" शिवाचा आवाज चढला. "बसा माज्या टेम्पोत. कसालाक न्हेवन दाखवतंय."

हरिश्चंद्राने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "रागाव नको, शिवा. तुज्या मेवण्याच्या घरात जावन आमी झडती घेवची? आमी काय पोलीस आसंव? गावाचो तुज्यार इस्वास आसा."

त्या दिवशी इस्वासाची भाषा सगळेच करत होते. पण सारिका पाण्याला गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. शिवा लाकडं फोडायला गेला तर कोणीतरी कोयता आधीच उचललेला असायचा. आदल्या दिवशी कोणाचंही ताट कोणाच्याही पुढे होतं. आज सुशीला सोलकढी वाढत आली आणि त्यांच्या खोपीशी येता येता तिचं भांडं संपलं. शेजारच्या म्हातारीने तेवढी आपल्या वाट्याची उकड्या तांदळाची पेज पुढे सरकवली. "माका दिसत नाय गो," ती म्हणाली. "बल्बय दिसत नाय नि काय नाय."

तिन्हीसांजेच्या आधी सारिका टोप घासायला व्हाळाच्या खालच्या अंगाला गेली. साकवावर देवस्थान समितीची दोन माणसं राखणीला होती, तिथे बायकांना अवघडल्यासारखं व्हायचं. ती राखेने टोप घासत होती तेव्हा पलीकडच्या करवंदीच्या जाळीतून माणूस आला आणि पाण्यात उतरला. मांडीपर्यंत पाणी, धोतर वर खोचलेलं, चपला हातात. अलीकडे चढून त्याने वर बघितलं.

तो हरिश्चंद्र होता.

धोतराला कुसळं चिकटली होती.

"पाय धुवक गेललंय," तो म्हणाला, आणि चपला घालून चढ चढून गेला.

बुवा उभे राहायच्या आधी सगळ्यांनी पलीकडे बघितलं. बघायचं नाही म्हणणाऱ्यांनीही बघितलं. काळोख झाला, अजून काळोख झाला. पण बल्ब काही दिसेना.

"गेलो काय बल्ब?" कोणीतरी म्हणालं.

"लाईट गेली आसतली," शिवा म्हणाला.

"मगे त्या शेजारच्या गावात कसो दिसता लाईट? एकाच लायनीर आसत मा ते?" लवू उठून उभा राहिला. "बल्ब कोणी तरी बंद केलो! मंडळीनू, बल्ब बंद करूक हात लागता. रिकाम्या घरात हात खंयसून इलो?"

माळ खवळला. म्हातारा आत आहे. एकट्याला ठेवलाय. नाही, सून रात्री जाऊन येते, काल ती उशिरापर्यंत दिसली नाही. बुवा पेटीवर हात ठेवून बसले होते, त्यांना कोणी विचारत नव्हतं. सारिका हरिश्चंद्राकडे बघत होती. तो जमिनीकडे बघत होता.

शेवटी तोच बोलला, कारण बोलायचा मान त्याचा. "शिवा, गाव काय तुजो वैरी न्हय. पण सगळ्यांच्या मनात इला हा, ता काढूक होया. उद्या दाजींका हंय घेवन ये. सगळ्यांनी डोळ्यांनी बगूदेत."

"नाय आणलंय तर?"

"तर शिमग्याक पालखी तुज्या दारात येवची नाय," लवू म्हणाला. "आणि दाजी गेले तर खांदो देवक मेवण्याकच बोलव."

लवू असं बोलला हे त्याचं त्यालाही लागलं असावं. पण त्याला कोणी गप्पही केलं नाही.

सकाळी शिवा टेम्पोची चाकं तपासत होता तेव्हा सारिकाने हरिश्चंद्राला व्हाळावर गाठलं. तो दात घासत होता.

"घर रिकामा आसा, ता तुमका म्हायत आसा," ती म्हणाली.

त्याने चूळ भरली. "माका कशा म्हायत आसतला?"

"हरिकाकानू, तुमच्या धोतराक आमच्या मागल्या दारची कुसळां होती. थंय एकच जागा अशी आसा."

"खात्री करूक गेलंय गो," तो हळू म्हणाला. "म्हटला, खराच म्हातारो भितर आसात आणि तेका काय झाला तर? खिडकीतसून बगलंय. खाट रिकामी. मशीनय नाय. माका इतक्या बरा वाटला! म्हटला, बल्ब बंद करून टाकूया, म्हंजे लोकांची गजाल थांबात."

"मगे ता सांगा सगळ्यांका."

"कसा सांगू? मानकरी शिवेच्या आत गेलो म्हंजे पळण मोडली. परत कौल, परत तीन राती. ल्हान पोरां, बाळंतिणी, ही थंडी. एका घरासाटी सगळो गाव परत उटवचो? गावाचो इचार कर."

"दाजींच्या सिलिंडराचो काटो तुमी बगलास कदी?"

"तूच सांग मगे," तो एकाएकी चिडला. "सांग जावन, हरिश्चंद्र भितर गेललो. पयलो प्रश्न तुका इचारतले, तू तिन्हीसांजेक थंय काय करी होतंस?"

तिने सांगितलं असतं आणि लोकांनी मानलं असतं, तर परत तीन राती. परत दाजींना उचलायचं, परत कसाल. सगळे मार्ग फिरून दाजींच्या छातीवर येत होते. तिने कळशी भरली. ओली कळशी कंबरेवर घेतल्यावर लुगडं चिकटून गार लागलं. ती चढ चढून गेली.

दुपार कलल्यावर टेम्पो आला. दाजी उशीला टेकून बसले होते, शेजारी सिलिंडर, मागे मशीन. येताना खड्ड्यांनी जीव मेटाकुटीला आला होता, तरी माळ बघून त्यांचे डोळे चमकले. "कीर्तान... सुरू झाला?" त्यांनी विचारलं. आपल्याला कशासाठी आणलंय, हे शिवाने त्यांना सांगितलं नव्हतं. कीर्तनासाठी आणतोय, एवढंच सांगितलं होतं.

लोक एकेक करून टेम्पोशी आले. पाया पडल्यासारखं करत आत डोकावले. कोणी नळी बघितली, कोणी मशीन, कोणी उगाच चादरीला हात लावला. दाजी प्रत्येकाला ओळखून हसत होते. "सगळे इलास... माका बगूक? देव बरा करो."

सुशीलाने पदर तोंडाला लावला. लवूही आला, बघून गेला. मग चार माणसांत उभा राहून म्हणाला, "आज आणल्यानी, ता खरा. पण काल खंय होते, ता कसा कळाचा? सकाळीच घरातसून काडून कसालाक फिरवन आणले आसतीत तर?"

चौघांनी माना हलवल्या. सारिकाने ते ऐकलं. तिला रागसुद्धा आला नाही. बुडालेल्या होडीत अजून एक तांब्या पाणी.

काळोख पडला. कीर्तन उभं राहिलं. टेम्पो मांडवाच्या कडेला लावला होता. दाजींची बोटं मांडीवर ठेका धरून होती. सारिका मात्र सिलिंडरचा काटा बघत होती. काटा लालात आला. तिने जनरेटरकडे बघितलं, मग हरिश्चंद्राकडे. तो पहिल्या रांगेत होता. दाजींची बोटं थांबली. ओठांचा रंग बदलायला लागला.

ती उठली. माणसांमधून वाट काढत जनरेटरपाशी गेली आणि माइकची पिन उपटली.

बुवांचा आवाज एकदम माणसाएवढा झाला. "ए! कोण ता?" मांडवातून आरडाओरडा झाला. तोवर शिवाने टेम्पोतल्या मशीनची वायर ओढून आणली होती, ती तिने खोचली. मशीन सुरू झालं. पिन मात्र सैल होती, हात काढला की गळत होती.

हरिश्चंद्र धावत आला. "काय करतंस तू?"

"तो बल्ब कोणी बंद केलो ता सांगू?" ती त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "आता सांगू?"

त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. तो खाली बसला, तिच्या हाताखाली आपला हात घालून त्याने पिन दाबून धरली. "जा तू. दाजींकडे जा."

बुवा थांबले नव्हते. ठेका न मोडता ते चालत मांडवाच्या कडेला आले आणि टेम्पोच्या फळीशी उभे राहून उघड्या गळ्याने गायले. मागे बसलेल्यांना ऐकू येईना, म्हणून माणसं सरकत सरकत जवळ आली. अंगाला अंग लागलं. मशीन घरघरत होतं, आणि त्या घरघरीवरच टाळ पडत होते. थोड्या वेळाने दाजींचं एक बोट हललं. मग दुसरं.

"हरिकाकांनी लाईन दिल्यानी," बायका एकमेकींना सांगत होत्या. "देवमाणूस."

रात्रभर मशीन चालू राहिलं. शिवाने टेम्पोतलं डिझेल काढून जनरेटरला घातलं.

सकाळी गाव परत निघायच्या आधी सगळे साकवापाशी जमले. सिलिंडर शिवाने रात्रीच माणूस पाठवून भरून आणला होता. दाजी टेम्पोत बसूनच होते. ढोल गळ्यात अडकवलेले, कोंबड्या टोपल्यांखाली. हरिश्चंद्र शिवेवरच्या पाषाणापुढे नारळ हातात घेऊन उभा राहिला. रात्री तो झोपलेला दिसत नव्हता.

"बा देवा म्हाराजा!" त्याने सुरुवात केली. "तुज्या आज्ञेन गाव भायर पडलो. तीन राती व्हाळापलीकडे रवलो. तो आज परत तुज्या पायाशी येता हा."

"व्हय म्हाराजा!" सगळे एकदम म्हणाले.

"लेकराबाळांका, गुराढोरांका सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची इडापिडा आसात ती दूर कर. कोणाचा काय चुकला माकला आसात, ता पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

इथे नारळ ठेवायचा असतो. हरिश्चंद्राने तो ठेवला नाही. त्याचा आवाज खाली गेला. "आणि जो कोण... शीव वलांडून भितर गेलो आसात... चांगल्या मनान गेलो आसात, पण गेलो... तेका..."

त्याला पुढे जमेना. पण लोकांना जेवढं ऐकायचं होतं तेवढं ऐकू आलं होतं. सगळ्यांची तोंडं टेम्पोकडे वळली. सुशीलाने सारिकाच्या दंडाला हात लावला आणि कुजबुजली, "जोड गो हात. देव मोठो आसा."

"व्हय म्हाराजा," टेम्पोतून दाजी म्हणाले. कोणासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं. कोणीतरी चुकलं होतं, एवढं पुरेसं होतं. त्यांनी हात जोडले आणि पुन्हा म्हणाले, "व्हय... म्हाराजा."

सारिकाने हात जोडले नाहीत. मानही खाली घातली नाही. इतक्या नजरा अंगावर असताना ती फक्त हरिश्चंद्राकडे बघत राहिली. राग नाही, रडू नाही. पिठाच्या गिरणीवर आपला नंबर यायची वाट बघावी तशी.

आधी सुशीलाने तिच्या नजरेमागे नजर नेली. मग लवूने. मग त्याच्या शेजारच्याने. ढोलवाल्याने उचललेली टिपरी तशीच राहिली. एकेक मान टेम्पोकडून फिरली आणि पाषाणापाशी जाऊन थांबली.

हरिश्चंद्र नारळ धरून उभा होता. गाऱ्हाणं अर्धं राहिलं होतं, आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणायला तोंड उघडून त्याच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होता.